अंगणातले इंजिन

परवा रविवारी सकाळी पुण्याहून फोन आला. आमच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादाचा नातू. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "आजोबा, आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक जुनी गाडी घेतलीय. तिचं इंजिन काढून बॅटरीवर चालणारी मोटर बसवतोय. बाबा म्हणाले, तुम्ही लोकांनी पण घरच्या घरी इंजिन बदललं होतं. खरं का?"

खरे आहे म्हणालो. पण फोन ठेवल्यावर दिवसभर दुसरे काही सुचेना. ३४ वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवले, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. पण आमच्या अंगणात जे घडले, तोही इतिहासच होता हे कधी डोक्यात आले नाही. आज ते लिहून काढतो. नातेवाइकांपैकी ज्यांनी तो मे महिना पाहिला आहे त्यांनी चुका काढाव्यात, बाकीच्यांनी गोष्ट म्हणून वाचावे.

साल १९८६. आमचे गाव कोल्हापूरपासून बारा कोसांवर. दादाने दोन वर्षांपूर्वी एक जुनी अँबॅसिडर घेतली होती, १९६८ चे मॉडेल, पेट्रोलची. भाड्याने चालवायची. लग्नाची वऱ्हाडे, ज्योतिबाची खेटी, नरसोबाच्या वाडीची पौर्णिमा, आणि रात्री-अपरात्री कोल्हापूरच्या सी.पी.आर. दवाखान्यात न्यायचे पेशंट. गाडीला काम भरपूर होते. पैसा मात्र दिसत नव्हता, कारण जे मिळे ते पेट्रोल पंपावरच जाई.

याचे मूळ आमच्या गावात नव्हते, ते फार लांब होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले कच्च्या तेलाचे पिंप जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या घरात गेले. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि पुन्हा एकदा भडका उडाला. आपल्या सरकारने पेट्रोल महाग होऊ दिले, पण डिझेल जपले. ट्रक, एस.टी., शेतीचे पंप, ट्रॅक्टर हे सगळे डिझेलवर. ते महागले असते तर भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळेच महागले असते. पेट्रोल म्हणजे साहेबांचे आणि शेटजींचे इंधन, असा हिशेब. त्या हिशेबात दादासारखा भाड्याची गाडी हाकणारा माणूस शेटजींच्या रांगेत जाऊन बसला होता! डिझेलचा भाव पेट्रोलच्या साधारण निम्मा. शिवाय दादाची गाडी लिटरला आठ-नऊ किलोमीटर देई. डिझेल इंजिन बसवलेली तशीच गाडी तेरा-चौदा देते असे लोक सांगत. म्हणजे किलोमीटरमागचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर.

आणि गाडीचे कर्ज माझ्या नावावर होते. आमच्या शिक्षकांच्या पतपेढीतून काढलेले. हप्ता माझ्या पगारातून कापला जाई आणि दादा तो मला महिन्याच्या महिन्याला देई. १९८६ च्या जानेवारीपासून देणे थांबले. मी मागत नव्हतो, तो बोलत नव्हता. एका वाड्यात राहून आम्ही दोघे भाऊ एकमेकांना चुकवू लागलो. हिच्याच्याने राहवले नाही. एकदा ती म्हणाली, "भावजींना पैसे मागू नका, पण निदान जेवायला तरी बोलवा." ते मला फार लागले.

एप्रिलमध्ये दादाच आला. ओसरीवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, गाडी इकतो, न्हाईतर डिझेल करतो. तू सांगशील ते." (दादा मला लहानपणी नावाने हाक मारी, नोकरी लागल्यापासून मास्तर म्हणू लागला.)

डिझेल करणे म्हणजे पेट्रोलचे इंजिन काढून तिथे डिझेलचे बसवणे. कंपनीची डिझेल अँबॅसिडर १९८० च्या सुमारास निघाली होती, पण नवी गाडी आमच्या ऐपतीत नव्हती. त्या काळी जो तो मॅटाडोरचे इंजिन शोधत असे. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची ही व्हॅन. आत मूळचे जर्मन हॅनोमॅग जातीचे डिझेल इंजिन. ठोकलेल्या मॅटाडोरचे इंजिन भंगारबाजारात मिळे. दादाने असे एक इंजिन बघून ठेवले होते, अकरा हजारांना. वहिनींच्या पाटल्या त्याच आठवड्यात सराफाकडे गेल्या. याची वाच्यता वहिनींनी कधीही केली नाही, मी आज करतो आहे.

आता थोडे इतिहासाच्या तासाला बसा!

ज्याच्या नावाने हे इंधन ओळखले जाते तो रुडॉल्फ डिझेल १८५८ मध्ये पॅरिसला जन्मला, आईबाप जर्मन. म्युनिकला शिकला. वाफेच्या इंजिनात कोळशातली दहातली नऊ हिस्से उष्णता वाया जाते हे त्याला खुपत होते. त्याची युक्ती समजायला सायकलचा पंप पुरे. हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते ना? हवा दाबली की तापते. ती इतकी दाबायची की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटावे. ठिणगी नको, प्लग नको. १८९३ मध्ये पेटंट मिळाले, पण चालते इंजिन व्हायला ऑग्सबर्गच्या कारखान्यात आणखी चार वर्षे गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये परीक्षा झाली तेव्हा इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामी लागली. पण डिझेलला सुख लाभले नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवरून नाहीसा झाला. डोक्यावर कर्ज होते. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडले.

त्याचे इंजिन जड. कारखान्यात, बोटीत चाले; मोटारीत कोण बसवणार? इथे मला एका ड्रायव्हरची गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात कोलंबस नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या आयर्विन नावाच्या बँकवाल्याच्या घरी क्लेसी कमिन्स हा ड्रायव्हर होता. यंत्रांत डोके चाले म्हणून मालकानेच भांडवल दिले आणि १९१९ साली डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. दहा वर्षे नुसता तोटा. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला आणि मालक हात आखडता घेऊ लागला. तेव्हा या गड्याने एक जुनी पॅकार्ड मोटार घेतली, तिचे इंजिन काढले, बोटीसाठी बनवलेले आपले डिझेल इंजिन तिच्यात बसवले आणि नाताळच्या दिवशी मालकाला तिच्यातून फिरवून आणले. मालकाचे मन वळले. पुढच्याच महिन्यात तीच गाडी घेऊन कमिन्स न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. ७९२ मैलांचा प्रवास, आणि इंधनाचा खर्च एक डॉलर अडतीस सेंट! १९३१ साली त्याच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी केली.

कारखान्यातून विकण्यासाठी तयार झालेल्या पहिल्या डिझेल मोटारींत गणली जाणारी मर्सिडीज-बेंझ २६० डी आली १९३६ मध्ये. म्हणजे त्याच्या सहा वर्षे आधी एका ड्रायव्हरने, मालकाचे मन राखण्यासाठी, हे काम इंजिन बदलून करून दाखवले होते. याच कमिन्सच्या नावाची कंपनी १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला आली. आपल्या मुलखात डिझेल इंजिन त्याच्याही आधीपासून घरचे झाले होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये खडकीला निघाली आणि वीज पोहोचण्याआधी कितीतरी विहिरींवर इंजिनाचा ठोका पोहोचला. पेट्रोलचे जुने ट्रक डिझेल करण्यासाठी पर्किन्सचे पी-सिक्स इंजिन प्रसिद्ध होते, ते मद्रासला सिम्पसन कंपनी बनवी. तर सांगायचा मुद्दा, आम्ही काही जगावेगळे करत नव्हतो.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि अंगणात काम सुरू झाले. मंडळी कोण? एक साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधले मिस्त्री, दादाचे शाळेतले दोस्त. कारखान्याचा हंगाम संपल्याने मोकळे. दुसरे आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. तिसरा विहिरीतले पंप-इंजिन वर काढणारा गडी. त्याची लोखंडी तिपाई आणि चेन-कुप्पी फुकट मिळाली. चौथा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला, मिस्त्रींचा मेव्हणा. आणि मी, हिशेब लिहायला व पाने द्यायला. कुणीही मजुरी घेणार नव्हते. दोन वेळचे जेवण आणि चहा.

मिस्त्री म्हणाले होते, "तीन दिवसांत गाडी रस्त्यावर." लागले अकरा दिवस!

पहिला दिवस सोपा गेला. बॉनेट उतरवले, बॅटरी, रेडिएटर, होज पाइप, वायरी निघाल्या. प्रत्येक वायरीला मी कागदाची चिठ्ठी बांधली, शाळेतल्या मुलांच्या वह्यांना लावतात तशी. नटबोल्ट वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांत. संध्याकाळी चेन-कुप्पी कडकड वाजली आणि अठरा वर्षे जागेवर बसलेले इंजिन हळूहळू वर आले. त्याखाली गाडीचे तोंड एकदम वर उचलले गेले, ओझे उतरलेल्या बैलासारखे. दादा काही बोलला नाही, नुसता बॉनेटच्या रिकाम्या खड्ड्यात बघत राहिला.

खरी अडचण पुढे. मॅटाडोरला पुढची चाके ओढतात, अँबॅसिडरला मागची ढकलतात. त्यामुळे मॅटाडोरचे इंजिन घ्यायचे आणि गिअरबॉक्स अँबॅसिडरचाच ठेवायचा. दोघांची तोंडे वेगळी, बोल्टांची भोके वेगळी. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते, तिच्यावर भोकांचे दोन संच: एक इंजिनाचा, एक गिअरबॉक्सचा. दोन्हींचा मध्य तंतोतंत एक असावा लागतो. केसभर फरक पडला तर क्लच धरत नाही आणि बेअरिंग खलास.

ड्रॉइंग मास्तर त्या दिवशी लग्नाला गेले होते. कागद लावून भोकांचा छाप घ्यायचे काम मी अंगावर घेतले. नकाशे काढून हात तयार होता, त्याचा थोडा गर्वही. दोन्ही तोंडांवर कागद धरला, तेलाचा हात फिरवला, भोके उमटली. कागद घेऊन दादा एस.टी.ने कोल्हापूरला गेला, दुसऱ्या दिवशी तीस-पस्तीस किलोची प्लेट खांद्यावर टाकून परत आला. लावून पाहिली. इंजिनाची भोके जुळली, गिअरबॉक्सची एकही जुळेना. पालथी घालून पाहिली. गिअरबॉक्सची जुळली, आता इंजिनाची नाहीत!

ड्रॉइंग मास्तरांनी माझे दोन्ही कागद हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, ही दोन तोंडं एकमेकांकडे बघत असतात. त्यातला एक कागद उलटा ठेवून काढायला हवा होता." आरशातला डावा हात उजवा होतो, तसे झाले होते. लोखंड वाया, मशीनचे काम वाया, तीन दिवस वाया. आणि चूक माझी, ज्याच्या पगारातून हप्ते जात होते आणि जो मनातल्या मनात भावाचा हिशेब मांडत होता त्याची.

त्या रात्री मी जेवलो नाही. दादा उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, चार महिने तू मला हप्ता मागितला न्हाईस. मी तुला प्लेट मागू व्हय?" एवढेच. ओसरीवर अंधार होता ते बरे झाले.

दुसरी प्लेट लेथवाल्याने केली, लोखंडाचेच पैसे घेतले. मग गाडी सरळ रेषेत चालू लागली म्हणायची! नवे इंजिन जड, म्हणून फौंडेशनच्या पट्ट्या नव्याने वेल्ड केल्या. पुढची टॉर्शन बार वर घेतली, नाहीतर गाडी नाक घासत चालली असती. पेट्रोलची टाकी काढून धुऊन वाळवली, डिझेलचा फिल्टर बसवला, फवाऱ्यातून उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणारी नळी ओढली. क्लच मध्यावर बसवण्यासाठी सुताराने एक लाकडी खुंटी तासून दिली. मोठी बॅटरी आली, कारण थंड इंजिनाला आधी हीटर प्लग तापवावे लागतात आणि इतक्या दाबाविरुद्ध फिरवायलाही जोर लागतो. मिस्त्रींनी मला पंपाच्या हातदांड्यावर बसवले. नळीतली हवा काढायची. स्क्रू सैल करून दांडा मारत राहायचा, बुडबुडे बंद होऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत. डिझेल इंजिनाच्या नळीत बुडबुडा राहिला तर ते चालत नाही.

अकराव्या दिवशी, संध्याकाळी दिवेलागणीला, दादाने चावी फिरवली. दोनदा नुसती घरघर. तिसऱ्यांदा धाड्दिशी इंजिन धरले! पांढरा, मग काळा धूर अंगणभर. पोरे ओरडली, शेजारच्या आजी देवाचे नाव घेत बाहेर आल्या. गाडीचे सगळे पत्रे थडथडत होते. मिस्त्रींनी दादाला खूण केली, बंद कर. दादाने चावी काढून खिशात टाकली आणि खाली उतरला. इंजिन चालूच! पेट्रोलच्या इंजिनाची ठिणगी तोडली की ते मरते. डिझेलला ठिणगीच नाही, त्याचे तेल तोडावे लागते. त्यासाठी ओढायची केबल असते. ती बसवायची आम्ही सगळेच विसरलो होतो. मिस्त्री पान्हा घेऊन धावले आणि पंपाचा खटका दाबून धरला तेव्हा कुठे ते शांत झाले. दादा चावी हातात धरून उभा, आणि आम्ही हसून हसून खाली बसलो. चार महिन्यांत दादाला हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

रीतसर परवानगी काढून आर.टी.ओ.कडे गाडी दाखवली, पुस्तकात इंजिन नंबर बदलला आणि इंधनाच्या रकान्यात डिझेल आले. चेसिस नंबर तोच राहिला. इंजिन बदलले तरी कायद्याने गाडी तीच. यावर मी पुढे वर्गातही बोललो: राज्यकर्ते बदलले तरी देश तोच राहतो तो कशामुळे? मुलांना कळले की नाही देव जाणे.

दिवाळीपर्यंत राहिलेले हप्ते दादाने माझ्या हातात ठेवले. मी घेतले. घेतले नसते तर ते त्याला अपमानासारखे वाटले असते. पाटल्या सोडवायला मात्र आणखी दोन वर्षे लागली.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर इतिहासाचा मास्तर कसला. त्या संध्याकाळी वहिनी ओला फडका घेऊन तुळशीवृंदावन पुसत होत्या. पांढऱ्या चुन्यावर काजळीचा थर बसला होता. आम्ही ते पाहिले आणि विसरलो. पुढे बारा वर्षे ती गाडी स्कॉलरशिपच्या परीक्षेला माझ्या विद्यार्थ्यांना नेत होती. मुले मागच्या सीटवर दाटीवाटीने बसत, चढावर धूर आत येई, ती खोकत आणि आम्ही म्हणत असू, काचा लावून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक म्हणून जाहीर केला. ती बातमी वाचून मला पहिली आठवण वृंदावनाची झाली. स्वस्त डिझेलचा उरलेला भाव कुणीतरी छातीतून भरत होते. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ज्या हिशेबावर आम्ही अंगणात घाम गाळला तो हिशेबच राहिला नाही.

दादाने १९९८ मध्ये गाडी भंगारात दिली, पण इंजिन वेगळे काढून विकले. अँबॅसिडरचा कारखाना २०१४ साली बंद पडला, आमची गाडी तर त्याच्या कितीतरी आधी संपली. इंजिन संपले नव्हते. २००४ च्या थंडीत आम्ही दोघे पाव्हण्यांकडे निघालो होतो. वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीतून वाफ निघत होती आणि पलीकडे पट्ट्यावर चरकाला जोडलेले एक इंजिन ठोके देत होते. दादा रसाचा पेला हातात तसाच धरून थांबला. कान देऊन ऐकले. जवळ जाऊन वाकून बघितले आणि मागे वळून म्हणाला, "मास्तर, आपलंच हाय." बाजूला तुझी प्लेटही असेल म्हणून हसला. ती नव्हती. पण आमच्या वेल्डिंगची एक पट्टी होती.

दादा २०११ मध्ये गेला. त्याच्या आधी मिस्त्री, नंतर ड्रॉइंग मास्तर. त्या अंगणातला आता मी एकटाच उरलो आहे.

रात्री मी नातवाला परत फोन केला. मान्यता असलेले किटच घे, आर.टी.ओ.ची परवानगी आधी काढ, वायरींना चिठ्ठ्या बांध असे सगळे सांगितले. प्लेटचा कागद काढताना कोणती बाजू कुणाकडे बघते ते लिहून ठेव, हे दोनदा सांगितले. त्याने विचारले, "आणखी काही, आजोबा?"

म्हटले, "चावी काढल्यावर ती बंद होते का, ते पहिल्यांदा बघ. आणि मित्रांना पोटभर जेवायला घाल."